स्वाहिलीत पहिली येणारी मुलगी इंग्रजीत गप्प का झाली?

बाओबाब
टांझानियात, दार-ए-सलामला येऊन सहा वर्षं झाली. भाषा या विषयावर इथे इतके धागे झालेत की अजून एक काढताना संकोच वाटतो, पण डोक्यातून जात नाहीये.

आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरना सगळे 'काका' म्हणतात. (स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ.) मूळचे म्वान्झाकडचे, सुकुमा जमातीचे. आता एम्बागालाला राहतात. गेल्या आठवड्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्यांनी अवघडत विषय काढला. धाकट्याला जानेवारीत पहिलीत घालायचंय, 'इंग्लिश मीडियम'ला. हो, इथेही हाच शब्द. स्वाहिली वाक्याच्या मधोमध तो ऐकला की क्षणभर आपण कोथरूडला आहोत असं वाटतं. फी झेपत नाही, काही उसने मिळतील का?

मी नको तिथे शहाणपणा केला. म्हटलं, सरकारी शाळेत फी नाही, शिकवतात स्वाहिलीत, मग हा खटाटोप कशाला? तेव्हा त्यांनी थोरलीचं सांगितलं. सातवीपर्यंत वर्गात पहिली. आता फॉर्म टूला आहे आणि वर्गात तोंड उघडत नाही. कारण इथे सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि आठव्या वर्षी, म्हणजे फॉर्म वनला, एका रात्रीत सगळं इंग्रजीत. १९६७ पासून प्राथमिक शाळा स्वाहिलीत आल्या, माध्यमिक मात्र इंग्रजीतच राहिल्या. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात वरपर्यंत स्वाहिली नेऊ असं होतं. वर्गात ते काही पोचलं नाही.

थोरलीने मला वही दाखवली. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, 'फोटोसिंथेसिस म्हणजे काय?' गप्प. मग म्हटलं, 'उसानिसिनुरु?' तर पाच मिनिटं बोलत होती. पान, पाणी, हवा, ऊन, सगळं. (नुरु म्हणजे आपला नूर, प्रकाश.)

तर प्रश्न असा, की काकांना काय सांगू? मी स्वतः मराठी माध्यमातला, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे आणि म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नाही.

तिरकस
काकांना सांगा, मराठी माध्यमातला माणूस आज दार-ए-सलामला बसून गाडीतून फिरतोय आणि गाडी स्वाहिली माध्यमातला माणूस चालवतोय. निष्कर्ष त्यांचा त्यांनी काढावा.

अबोली
तिरकस, जरा जास्तच तिरकस. 🙂
पण अक्षर मोत्यासारखं आणि तोंड बंद, हे वाचून पोटात कालवलं. माझी अकरावी सायन्स अशीच गेली.

चिंतोपंत
+१. अकरावीत पहिला महिनाभर मला 'हेन्स प्रूव्हड' हे कुणा शास्त्रज्ञाचं नाव वाटायचं.

नैरोबीकर
दार-ए-सलाम सोडून जरा उत्तरेकडे या. मी नऊ वर्षं नैरोबीत काढली. केनियात कागदावर नियम चांगला आहे: पहिल्या तीन इयत्ता त्या भागातल्या भाषेत, मग इंग्रजी. प्रत्यक्षात शहरातल्या खाजगी शाळा बालवाडीपासूनच इंग्रजी रेटतात आणि खेड्यातले पालक विचारतात, 'आमच्याच पोरांना का गिकुयू?'

याला इतिहास आहे. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेचं लिहून ठेवलंय. गिकुयू ही त्यांची घरची भाषा. आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या पोराला छड्या, नाहीतर गळ्यात 'मी गाढव आहे' असली पाटी. आणि पोर सापडायचं कसं, तर एक बटण हातोहात फिरायचं. ज्याच्या तोंडून आपली भाषा निघाली त्याच्याकडे ते जायचं, त्याने पुढचा शोधायचा. संध्याकाळी ज्याच्याकडे बटण, त्याने आधीच्याचं नाव सांगायचं, त्याने त्याच्या आधीच्याचं. म्हणजे भाषा तर गेलीच, वर पोरं चुगलखोर झाली. फ्रेंच वसाहतींमध्येही हाच खेळ होता, तिथे त्या वस्तूला 'सिंबोल' म्हणत.

तोच माणूस पुढे इंग्रजीत नावाजला आणि मग इंग्रजीत कादंबऱ्या लिहायच्या थांबवून गिकुयूकडे वळला. त्याला अटक कधी झाली? इंग्रजी पुस्तकांवरून नव्हे. गावकऱ्यांना घेऊन गिकुयूत नाटक केलं तेव्हा, १९७७ च्या शेवटी. तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, गेले.

बाकी माझा तिथला सहकारी लुओ जमातीचा होता. किसुमूहून त्याची आई यायची तेव्हा नातवंडं आणि आजी यांच्यात दुभाष्याचं काम तो करायचा. पोरांची भाषा कुठली, तर शेंग. स्वाहिली, इंग्रजी आणि अजून काय काय एकत्र ढवळलेलं. कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत आणि प्रत्येक मटाटूत (तिथली खाजगी मिनीबस) ऐकू येते.

पुरणपोळी
शेंग! भाषेचं नाव शेंग! मी आता शेवग्याकडे वेगळ्या नजरेने बघणार.

गणितवेडा
सगळे हळवे झालेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

एक: 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणता, पण काकांची मातृभाषा सुकुमा. टांझानियात १२० हून जास्त भाषा आहेत. शाळेत सुकुमाला जागा आहे का? नाही. म्हणजे स्वाहिलीने म्वान्झाच्या खेड्यात तेच केलं जे इंग्रजीने दारमध्ये केलं. फक्त चाबूक घरचा होता म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या?

दोन: नायजेरिया. २०२२ मध्ये त्यांनी धोरण आणलं, पहिली सहा वर्षं मातृभाषेत. २०२५ च्या नोव्हेंबरात शिक्षणमंत्र्यांनी ते रद्द केलं आणि बालवाडीपासून इंग्रजी जाहीर केलं. म्हणे, जिथे मातृभाषा वापरली तिथलीच मुलं परीक्षांत जास्त नापास होतात. पाचशेहून जास्त भाषांच्या देशात पुस्तकं कोण छापणार, शिक्षक कुठून आणणार? भावना ठीक आहे, हिशेब जुळत नाही.

सोनकी
गणितवेडा, हिशेबच करायचा तर नायजेरियाचाच पुरा करा. १९७० मध्ये इफे विद्यापीठात बाबातुंडे फाफुन्वा यांनी प्रयोग केला. एका गटाला सहाही वर्षं योरुबा या तिथल्या भाषेतून शिकवलं आणि इंग्रजी फक्त एक विषय म्हणून, पण तो विषय चांगलं इंग्रजी येणाऱ्या वेगळ्या शिक्षकाने घेतला. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं, तीन वर्षं योरुबा आणि पुढे इंग्रजी. योरुबावाले सगळ्या विषयांत पुढे निघाले. इंग्रजीतसुद्धा. आणि फाफुन्वा पुढे स्वतः शिक्षणमंत्री झाले, म्हणजे प्रयोग कुठे फायलीत हरवला होता असंही नाही.

२०२२ चं धोरण मुळात किती वर्गांत उतरलं होतं? तीन वर्षांत ना पुस्तकं, ना शिक्षक, आणि सहा वर्षांचा कार्यक्रम तीन वर्षांत नापास! बी पेरून तिसऱ्या दिवशी उकरून बघायचं आणि म्हणायचं, उगवत नाही.

गणितवेडा
इफेचा मुद्दा मान्य. पण तो एका विद्यापीठाच्या पंखाखालचा प्रयोग होता. शिक्षक निवडलेले, पुस्तकं खास केलेली. तसं केलं तर चिनी भाषेतही पोरं शिकतील.
आणि माझ्या पहिल्या मुद्द्याला कुणी हात लावलेला नाही.

जोबर्गची_जाई
मी लावते. जोहान्सबर्गला बारा वर्षं, त्यातली सात एका शाळेत गणित शिकवते.

इथे 'मातृभाषेत शिका' म्हटलं की वयस्कर माणसांच्या कपाळाला आठी पडते. कारण इथे मातृभाषेतून शिक्षण आणलं वर्णद्वेषी सरकारने. १९५३ चा बांटू एज्युकेशन कायदा. काळ्या मुलांनी झुलू, सोथो, त्स्वाना यातच शिकावं, आपापल्या कप्प्यात राहावं आणि मजुरीपुरतं शिकावं हा हेतू. मग १९७४ मध्ये फर्मान निघालं की निम्मे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेतून. १६ जून १९७६ ला सोवेटोची मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात गेलेला हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. त्या दिवसाची आज सुट्टी असते. माझ्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाई म्हणायच्या, 'आमच्यासाठी इंग्रजी ही गोऱ्यांची नव्हे, सुटकेची भाषा होती.' त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमचं चुकलं?

दुसरी बाजूही बघा. तिसरीपर्यंत घरची भाषा, चौथीत धाडकन इंग्रजी. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत इथली चौथीची ८१ टक्के मुलं वाचलेल्याचा अर्थ लावू शकली नाहीत. आणि गंमत म्हणजे ती चाचणी मुलांना त्यांच्या शाळेच्या भाषेत दिलेली होती, इंग्रजीची सक्ती नव्हती. म्हणजे दोष एकट्या इंग्रजीचा नाही. वाचायला शिकवण्यातच खोट आहे. आता २०२५ पासून चौथीच्या पुढेही घरची भाषा न्यायला सुरुवात झालीय, बघू.

आता गणितवेडांचा मुद्दा. शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' असा एकच रकाना असतो. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, आई सोथो, वडील झुलू, शेजार त्सोंगा, गल्लीत सगळ्यांची भेळ. त्याच्या आईने मला विचारलं, 'मॅडम, एकच लिहायची का?' देशाच्या राज्यघटनेत अकरा भाषा आहेत, २०२३ मध्ये खुणांची बारावी आली आणि फॉर्मवर रेघ एकच.

बंड्या००७
आमच्याकडे तो रकाना भरायला काही अडचण नाही. आई रागावली की मातृभाषा, बाकी वेळ हिंदी.

शाळामास्तर
धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही, पण गणितवेडांचा पहिला मुद्दा वाचून हसू आलं, कारण तो आमचाच आहे. पहिलीत येणारं पोर घरी पावरी बोलतं. त्याच्यासाठी मी 'मराठी माध्यम' म्हणजे फॉर्म वनचा इंग्रजी मास्तरच. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, पोरं मठ्ठ आहेत. जत्रेत त्याच पोरांना आपसात भांडताना ऐकलं तेव्हा कळलं, मठ्ठ कोण ते. मग दोन-तीनशे शब्द शिकलो, अजून मोडकंतोडकंच बोलतो. पण आता पोरं मला दुरुस्त करतात आणि त्या निमित्ताने बोलती होतात.

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी शाळा काढली तर तिला बेकायदेशीर म्हणून नोटीस आली. मराठीवर अन्याय झाला की आपण सगळे जागे, मराठीने केला की झोपलेले.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. तिकडे कुठे खरोखर सगळ्यांना आपापल्या भाषेत वरपर्यंत शिकवलंय का? लिपी, पुस्तकं, शिक्षक हे कसं जमवलं?

नाईलकाठ
मास्तर, इथिओपिया बघा. १९९४ च्या धोरणानंतर प्राथमिक शिक्षण ज्या त्या भाषेत. ओरोमिया, तिग्राय, सोमाली या प्रांतांत आठवीपर्यंत. काही प्रांतांनी मध्येच इंग्रजी आणलं. पुढे पाहणी झाली तेव्हा आठ वर्षं आपल्या भाषेत शिकलेल्यांचे निकाल उजवे आले. शिक्षक प्रशिक्षणसुद्धा त्या त्या भाषेत केलं, मेख तिथे आहे. ओरोमो भाषेसाठी अम्हारिकची जुनी लिपी न घेता रोमन घेतली, तिला कुबे म्हणतात. मी तिथे चार वर्षं सिंचनाच्या कामावर होतो. कुबे हा शब्द माणसं ज्या अभिमानाने उच्चारतात तो ऐकण्यासारखा असतो.

पण फुकट काही मिळत नाही. ओरोमिया प्रांतात वाढलेल्या आमच्या तरुण इंजिनिअरला राजधानी अडिस अबाबामध्ये अम्हारिक कागद आला की घाम फुटायचा, आणि केंद्राचं काम अम्हारिकमध्ये. भाषेवरून प्रांत, प्रांतावरून राजकारण, आणि पुढे काय काय झालं ते आपण बातम्यांत वाचलंच.

आणि सोमालिया! १९७२ पर्यंत तिथे सरकारी लिपीच ठरलेली नव्हती. ठरवली, आणि दोन वर्षांत शाळेतली पोरं खेड्यापाड्यांत भटक्या लोकांना शिकवायला पाठवली. जमत नाही असं नसतं. पुढे त्या देशाचं जे झालं त्याचा दोष लिपीला देऊ नका एवढंच.

अबोली
म्हणजे भाषा खूप असल्या की भांडण. एकच असती तर प्रश्न सुटला असता का?

सोनकी
नाही सुटला. रवांडा. जवळजवळ झाडून सगळे किन्यारवांडा बोलतात, आफ्रिकेत इतकी सोय फार थोड्या देशांना आहे. तरी २००८ मध्ये फ्रेंच काढून इंग्रजी आणलं. कालपर्यंत फ्रेंचमध्ये शिकवणारे मास्तर आज इंग्रजीचे विद्यार्थी, उद्या त्याच इंग्रजीत भूगोल शिकवायचा. नंतर पहिली तीन वर्षं किन्यारवांडा परत आली, २०१९ मध्ये पुन्हा पहिलीपासून इंग्रजी. 'भाषा फार आहेत म्हणून इंग्रजी' हे कारण मला तरी तेव्हापासून पटत नाही.

पुरणपोळी
एक हलका प्रश्न. बाओबाब, नुरु म्हणजे नूर म्हणालास. अजून असे शब्द आहेत का?

बाओबाब
ढीगभर. गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख, पेसा म्हणजे पैसा, रंगी म्हणजे रंग, गुनिया म्हणजे गोणी, दोबी म्हणजे धोबी, चापा म्हणजे छापणे, कचुंबारी ओळखलीच असेल. अरबीतून दोन्हीकडे गेलेले तर विचारू नका. हेसाबू, वकिली (म्हणजे माणूसच, वकील), तयारी म्हणजे तयार. 'सबाबु' म्हणजे कारण, आपण मराठीत 'सबब' ला बदनाम केलं. सही ला 'साहिही'.

नात्यांत मात्र घात होतो. काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण, मामा म्हणजे आई, बाबू म्हणजे आजोबा. मी पहिल्या आठवड्यात एका दुकानदाराला प्रेमाने 'दादा' म्हणालो होतो. आणि घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, सात वाजले की 'साआ मोजा', म्हणजे पहिला तास. मी पहिली मीटिंग सहा तासांनी चुकवली.

चिंतोपंत
अवांतरात भर. ज्युलियस न्येरेरे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपिअर स्वाहिलीत आणायचे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं त्यांनी काय केलं माहितीय? 'माबेपारी वा वेनिसी'. बेपारी म्हणजे आपला व्यापारी, गुजराती दुकानदारांकडून गेलेला. पण तिथे त्याचा अर्थ झालाय भांडवलदार! समाजवादी राष्ट्राध्यक्षाने १९६९ मध्ये शेक्सपिअरला सरळ वर्गशत्रूंच्या यादीत घातलं.

तिरकस
म्हणजे आमच्या गल्लीतला वाणी तिकडे गेला तर क्रांती होईल.

ग्रँडबे
उशिरा आले. मॉरिशसमध्ये दोन वर्षं होते, तोही आफ्रिकेतच धरतात म्हणून लिहिते. तिथे कोकणातून, साताऱ्याकडून गेलेल्यांचे वंशज आहेत, गणपती दणक्यात असतो, मुलं शाळेत मराठी हा विषय घेतात. मी भारावून एका दहा वर्षांच्या मुलीशी मराठीत बोलायला गेले. तिने पाठ केल्यासारखं 'माझे नाव अमुक आहे' सांगितलं आणि मैत्रिणीकडे वळून क्रिओलमध्ये जे सुटली! तिची मातृभाषा क्रिओल आहे. मराठी तिच्या पणजीची भाषा. शाळेचं अधिकृत माध्यम इंग्रजी, पेपर वाचायचा तो फ्रेंच, आणि जी भाषा सगळं बेट बोलतं तिला शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली २०१२ मध्ये. कित्येक घरांत क्रिओलऐवजी मराठी किंवा हिंदीच घे म्हणून सांगत. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही पुरता.

मी_सातारकर
ग्रँडबे, आम्ही साताऱ्याचे इकडेही तेच करतो, काळजी नसावी.
एक व्यावहारिक सूचना: आपल्याकडे सेमी इंग्रजी आहे तसं तिकडे का नाही? गणित-विज्ञान पाचवीपासून इंग्रजीत, बाकी आपल्या भाषेत. सात वर्षांनी एकदम कडेलोट नको.

बाओबाब
सातारकर, झांझिबारमध्ये साधारण तेच केलंय, पाचवीपासून. पण तिथे जाऊन आलेला एक शिक्षक म्हणाला, मास्तर बिचारा 'टुडे वी शॅल सी' म्हणतो आणि पुढचं सगळं स्वाहिलीत. फॉर्म वनलाही तसंच असतं. दार लावून स्वाहिलीत समजावायचं, तपासनीस आला की इंग्रजी, आणि परीक्षेत मूल एकटं. काकांच्या मुलीचं तेच होतंय.

गणितवेडा
हे मात्र खरं दुखणं वाटतं. शिकवणं एका भाषेत, पेपर दुसऱ्या. पेपरला दोन्ही भाषा चालतील असं केलं तर फुकटात अर्धा प्रश्न सुटेल. ही माझी शेवटची माघार, यापुढे एक इंच नाही.

शाळामास्तर
नोंद घेतली. 🙂 बाओबाब, मूळ प्रश्नाचं काय झालं? काकांना काय सांगितलंत?

बाओबाब
काहीच नाही. तुमचे प्रतिसाद वाचून अजूनच गोंधळलो. थोरलीला मात्र शनिवारी घरी बोलवायला लागलोय. एका बाजूला स्वाहिली, एका बाजूला इंग्रजी, अशी वही करतो. काल तिने मला 'रेस्पिरेशन' समजावलं. आधी स्वाहिलीत, मग इंग्रजीत, मला दोन्हीकडे दुरुस्त करत.

धाकट्याचं काकांनी आधीच ठरवलेलं होतं. पिवळ्या बसच्या त्या शाळेचा फॉर्म घेऊन आले. फॉर्म इंग्रजीत, भरायला मी. आणि त्यात जाईंचा रकाना होता. घरात बोलली जाणारी भाषा. मी विचारलं, 'सुकुमा लिहू की स्वाहिली?' ते बायकोशी सुकुमा बोलतात, मुलांशी स्वाहिली. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

जोबर्गची_जाई
मग? काय लिहिलंत?

बाओबाब
त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. 'इंग्लिश'.

तिरकस
...
उसने दिलेस का?

बाओबाब
निम्मे.